मदत हवी आहे : किचनचं काम अर्ध्यावर, येळवस तोंडावर, स्वयंपाक कुठं करू?

लातूरची सून :

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते. आम्ही लातूरला गावभागात राहतो, घर आजेसासऱ्यांच्या काळातलं. दिवाळी झाली की लगेच किचनचं काम काढलं. काढलं म्हणजे जुना वट्टा फोडला, सिंक उचकटलं, शहाबादी उखडली, भिंतीच्या टाइल्स निम्म्या निघाल्या निम्म्या तशाच, आणि आता ठेकेदार एक दिवस येतो, मग दोन दिवस फोन उचलत नाही. विचारलं तर म्हणतो बिगारी मिळंना, सगळे ऊसतोडीला गेलेत. असेलही खरं. पण येळवस तोंडावर आलीये त्याचं काय? (बाहेरच्यांसाठी : मार्गशीर्षातली अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला असतं, शहरात कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं.) आमच्या शेतात पाहुणे धरून चाळीसेक माणूस असतं, भज्जी (बऱ्याच भाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, तळलेली भजी नव्हे), आंबील (ज्वारी-ताकाचं पेय), उंडे (बाजरीचे उकडलेले गोळे), खीर, सगळं आदल्या रात्रीपासून घरी करून न्यायचं असतं.

सध्या मधल्या खोलीत संसार मांडलाय. इंडक्शन टीव्हीच्या प्लगला एक्स्टेंशन लावून चालतं, वायर हाताला गरम लागायलीय. भांडी बाथरूममध्ये. ग्रॅनाइट मागच्या दारात कापलं तरी डाळीच्या डब्याचं झाकण काढलं तर वर पांढरी पिठी. आणि भाकरी! इंडक्शनवर लोखंडी तवा तापतो पण मधेच तापतो, कडा कच्च्या, आणि फुगवायला जाळ कुठून आणू? सासूबाई दोन घास खाऊन म्हणल्या, "ही भाकरी न्हाई, आजाऱ्याचं पथ्य हाय." आता बोला.

तर विचारायचं असं की, परसात पत्र्याखाली गॅस नेऊन तिथंच स्वयंपाक केला तर चालेल का, सिलिंडर आतच ठेवून लांब नळी खिडकीतून काढू असं दीर म्हणायलेत. दुसरं, वट्ट्याखाली प्लायच्या ट्रॉल्या की कडप्प्याची फडताळं, आमच्याकडं बोअरचं पाणी जाम जड आहे आणि जुन्या घरात वाळवी पण आहे. तिसरं वट्ट्याची उंची, ठेकेदार ३६ इंच म्हणतो, मी पाच फूट चार, सासूबाई पाच फुटाच्याही आत. आणि तो आता उरलेले सगळे पैसे मागायलाय, द्यावे का?

हो, अजून एक. किचन आणि मधल्या खोलीच्या मधली भिंत दोन फूट जाडीची आहे, जागा लई खाते, ठेकेदार म्हणतो पाडून ओपन किचन करून देतो, एका दिवसाचं काम. आमचे हे त्यावर एकदम खूश आहेत. पण ते नंतर बघू, आधी येळवसचं सांगा.

नांदेडचा वायरमन :

ताई, आधी ते इंडक्शन बंद करा, मग पुढचं वाचा. २००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतं, टीव्हीचा प्लग ६ अँपिअरचा. वायर गरम लागायलीय म्हणजे ती तुम्हाला सांगायलीय. एक्स्टेंशन गुंडाळून ठेवलेलं असलं तर अजून वाईट, आतली उष्णता बाहेर जात नाही. वायरमनला बोलवा आणि मेन बोर्डापासून २.५ चौरस मिलीमीटरची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ चाच प्लग असं तात्पुरतं ओढून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. भिंती उघड्याच आहेत तर नव्या किचनचे पॉइंट पण आत्ताच सांगून टाका, फ्रिज वेगळा, ओव्हन-इंडक्शन वेगळं, आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळून शॉक लागायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवाच, सिंकजवळ ओल्या हातानं मिक्सर लावणारं घरात कुणीतरी असतंच.

आणि दीर म्हणायलेत ते अजिबात नको. गॅसची नळी दीड मीटरच्या वर नसते, जोड देऊन लांबवायची तर नसतेच. सिलिंडर पण परसात न्या, उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच टेबलावर, वाऱ्याला तीन बाजूंनी पत्रा लावा, चौथी उघडी. नळीवर आयएसआय आणि तारीख बघा, पाच वर्षं झाली असली तर बदलून टाका.

परभणीची काकू :

अगं बाई, ३६ इंच कामून? तो सगळ्यांना ३६ च सांगतो, त्याला मोजायचा कंटाळा. उभी राहा, कोपर वाक, कोपरापासून जमिनीपर्यंत माप घे, त्यातून चार इंच वजा केले की चिरायला-निवडायला ठीक. भाकरीला ते चालत नाही. भाकरी थापायला वरून जोर लागतो, सहा-सात इंच तरी खाली पाहिजे, आणि काठवट वट्ट्यावर ठेवली की तीच तीन-चार इंच उंच, पीठ अजून वर येतं. शेगडीचं पण तसंच, सासूबाईंना कढईत काय चाललंय ते दिसलं पाहिजे ना. माझ्याकडं आम्ही लांब वट्टा ३३ ला घेतला आणि टोकाचा अडीच फूट तुकडा २९ ला उतरवला, फक्त भाकरीसाठी. गवंड्यानं तोंड वाकडं केलं, लेव्हल बिघडते म्हणे. बिघडू दे, थापायचं मला आहे.

ट्रॉल्यांचं म्हणशील तर सिंकखाली लाकूड घालूच नको, तिथं कडप्पा. बाकीकडं प्लाय घ्यायचाच असला तर ७१० मार्काचा (मरीन, पाण्यात टिकणारा) घे, ३०३ मार्कात साधा पण येतो आणि पाणी सहन करणारा पण येतो, दुकानदार काय देईल ते आपल्याला कळत नाही. वाळवी असली तर कडप्प्याला तोड नाही. एकच त्रास, मागचा डबा काढायला गुडघे टेकावे लागतात. म्हणून मी डाळी-पिठाला दोन ट्रॉल्या घेतल्या आणि बाकी सगळं दगडाचं.

गंमत्या :

येळवसला भज्जी ऑनलाइन मागवा, आंबिलीबरोबर कोक फ्री.

लातूरची सून :

@गंमत्या, सासूबाईंना वाचून दाखवू का?

@काकू, माप घेतलं. माझं कोपर ४०, सासूबाईंचं ३६. म्हणजे ठेकेदाराच्या वट्ट्यावर त्यांना हात वर करून काम करावं लागलं असतं. २९ चा तुकडा ऐकून त्या पहिल्यांदाच या कामाबद्दल काहीतरी चांगलं बोलल्या.

औसेकर :

सगळे वट्ट्यावर बोलायलेत आणि खरी गोष्ट ताईंनी शेवटी "नंतर बघू" म्हणून लिहिलीये. ती दोन फुटाची भिंत कशाची आहे? वर काय आहे, माळवद (लाकूड-मातीचं छत) की स्लॅब?

लातूरची सून :

दगडाची आहे दादा, आत माती. पूर्वी माळवद होतं, सासऱ्यांनी ते काढून स्लॅब टाकला, भिंती जुन्याच. ठेकेदार म्हणतो वर लोखंडी चॅनेल टाकतो, काही होत नाही.

औसेकर :

मग थांबा. हात लावू देऊ नका. मी किल्लारीच्या बाजूचा, ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात काय झालं ते लहानपणी बघितलेलं आहे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या रात्रीची पहाट होती ती. आमच्याकडची दगड-मातीची जाड भिंत दिसायला किल्ल्यासारखी असते पण ती एक भिंत नसतेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मधे दगडाचे तुकडे आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत घातलेलेच नव्हते. हादरा बसला की दोन थर वेगळे होतात आणि वरचं सगळं खाली. आता तुम्ही त्यातला मधला भाग काढला तर उरलेल्या दोन्ही टोकांचे थर मोकळे होणार, आणि वरचा स्लॅब तुमच्या त्या भिंतीवरच बसलाय असं दिसतंय. चॅनेल टाकलं तरी चॅनेलची दोन टोकं परत त्याच मातीच्या भिंतीवर टेकणार.

भूकंपाआधी लातूर भूकंपधोक्याच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्र १ मध्ये होतं. २००२ च्या नकाशात क्षेत्र ३ मध्ये दाखवलं. ठेकेदारानं विचार केला नसेल, त्याला दोष देत नाही, पण भिंत पाडायची का नाही हे त्यानं ठरवायचंच नाही.

संभाजीनगरची इंजिनिअर :

औसेकरांशी शंभर टक्के सहमत. फोटो टाकू नका, फोटोवरून कुणीही सांगू शकणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, स्लॅबचा भार कुठल्या भिंतींवर उतरतोय ते तो बघेल. अशा बांधकामासाठी आयएस १३८२८ म्हणून वेगळं मानक आहे, त्यात खिडक्या-दारं लहान आणि कोपऱ्यापासून लांब ठेवायला सांगितलंय, तुम्ही बरोबर उलट करायला निघालात. तोपर्यंत त्या भिंतीत नळाची किंवा वायरची आडवी झिरी पण मारू देऊ नका.

ग्रॅनाइट कापायचं राहिलं असेल तर पाणी सोडून कापायला लावा. कोरडं कापलं की जी पिठी उडते त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते, कापणाऱ्याच्या तर रोजच जाते. आणि पैसे सगळे देऊ नका. झालेल्या कामाचे द्या, काही भाग शेवटपर्यंत हातात ठेवा. टाइल्स लावण्याआधी भिंतीतल्या पाइपांना प्रेशर देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी काटा बघा, मगच पुढचा हप्ता.

उदगीरचा :

जड पाण्याचं कुणी बोललंच नाही म्हणून. आरओ बसवणार असाल तर एक लिटर गोड पाण्यामागं दोन-तीन लिटर तरी वाया जातं, त्याचा पाइप सिंकमध्ये सोडू नका, वेगळा काढून परसातल्या ड्रमात सोडा, फरशी पुसायला, संडासाला कामी येतं. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती हे विसरून लोकं अजून किचन करताना पाणी जातं कुठं हे विचारत नाहीत. काळ्या ग्रॅनाइटवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पण लई उठून दिसतात, थोडा ठिपक्यांचा रंग घ्या.

लातूरची सून :

सगळ्यांना एकदम उत्तर देते, राग नसावा. इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी गच्चीवर जाऊन बघितलं, मग खाली भिंतीचा थोडा गिलावा काढायला लावला. आतून भुसभुशीत माती हातात आली, बोट घातलं तर आत जात होतं. स्लॅब त्याच भिंतीवर टेकलाय म्हणाले. भिंत राहणार, विषय संपला. ह्यांचं तोंड दोन दिवस उतरलेलं होतं, ओपन किचनचे व्हिडिओ बघून बघून त्यांनी मनात सोफा पण ठेवून टाकला होता. ठेकेदार आधी चिडला, मग इंजिनिअरसमोर म्हणाला, मी पण तेच म्हणत होतो! त्याच्या एस्टिमेटमधून पाडकाम आणि चॅनेल कमी करून घेतलं, आणि पैसे टप्प्याटप्प्यानंच मिळतील हे पण त्याच बैठकीत सांगून टाकलं.

वायर ओढून झाली. परसात शेगडी लागली, सासूबाईंनी शेजारी तीन दगडांची चूल पण मांडली आणि आता भाकरी तिथंच होते. किचन येळवसच्या आधी होत नाही हे मान्य करून टाकलं. आंबील जावेकडं लावणार, तिचं घर दोन गल्ल्या पलीकडं आहे, उंडे आणि खीर पण तिथंच. भज्जी मात्र शेतातच, मोठ्या पातेल्यात. सासूबाईंना आधी पटेना, घरून डोक्यावर न्यायचं असतं म्हणल्या, मग स्वतःच म्हणल्या की त्यांच्या सासूनं पण एका वर्षी शेतातच शिजवली होती.

एवढंच राहिलं, काकू, तो २९ चा तुकडा सिंकच्या बाजूला घेऊ का शेगडीच्या?

परभणीची काकू :

शेगडीच्या. थापलेली भाकरी हातावर घेऊन तीन पावलं चाललीस की मोडली म्हणून समज. आणि तव्याची बाजू सोडून, तुझा उजवा हात मोकळा राहील अशी. दगड बसवायच्या आधी गवंड्याला विटा रचून दाखवायला सांग आणि सासूबाईंना काठवट घेऊन त्यासमोर उभं कर.