दहावीतला भाचा आणि दोन भाच्या: दिवाळीच्या भेटीसाठी कादंबऱ्या सुचवाव्यात

निरंजना:
नमस्कार. दर दिवाळीला माझ्या भावांची तीन मुले आमच्याकडे येतात आणि दर दिवाळीला मी त्यांना कपडे घेते, जे पुढच्या दिवाळीपर्यंत आखूड झालेले असतात. या वर्षी प्रत्येकाला एक-दोन कादंबऱ्या द्याव्यात असे मनात आहे. दुकानात मात्र असे दिसले की बालसाहित्याचे कपाट बोलक्या ससोब्यापाशी संपते आणि त्याला लागूनच मोठ्यांच्या कादंबऱ्या सुरू होतात. मधल्या वयाला काय द्यावे हे विक्रेत्यालाही नीट सांगता आले नाही.

मोठा भाचा १५ वर्षांचा, बार्शीला मराठी माध्यमात दहावीला आहे. क्रिकेट सोडून त्याला कशात रस नाही आणि जाड पुस्तक दिसले की तो ते उघडण्याआधीच मिटतो. मधली १४ वर्षांची, पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकते. जादू आणि ड्रॅगन यांच्या सगळ्या मालिका तिने संपवल्या आहेत, परंतु मराठी हा तिच्या लेखी केवळ शाळेतला एक विषय आहे. धाकटी १३ वर्षांची आणि दोन्ही भाषांत वाचणारी. गेल्या वर्षी तिची आजी, म्हणजे माझी आई, गेली. तेव्हापासून ती नवे काहीच वाचत नाही, हॅरी पॉटरचे तेच भाग पुन्हा पुन्हा वाचते. कृपया पुस्तके सुचवावीत आणि कोणते पुस्तक कोणाला द्यावे तेही सांगावे.

सदाशिव:
तिघांनाही ‘श्यामची आई’ द्यावी. आमच्या पिढीला दुसरे काही सुचवावे लागले नाही. जोडीला फास्टर फेणे आहेच. पंधराव्या वर्षी मुलगा काही वाचत नसेल तर दोष पुस्तकांचा नसून हातातल्या मोबाइलचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अकरावी कला:
निरंजनाकाकू, मी १६ वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे मुख्यतः याच प्रकारच्या कादंबऱ्या वाचत आले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सदाशिवकाका, ‘श्यामची आई’ मला आवडते. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि मी नाशिकचीच असल्याने आम्हाला ती शाळेत दोनदा ऐकावी लागली, तरीही आवडते. पण ती सांगतो कोण, हे पाहावे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री एकेक आठवण सांगतो. आपण कुठे चुकलो आणि आई तेव्हा बरोबर का होती, हे त्याला सांगतानाच ठाऊक आहे. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला नेमके तेच ठाऊक नसते. आपण चुकत आहोत की घरचे, याचा निकाल त्याच्यापुरता अजून लागलेला नसतो आणि निकाल आधीच लावून आलेले पुस्तक हातात पडले की त्याला औषध दिल्यासारखे वाटते. हे पुस्तक नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, किंवा मग माणसाने पुष्कळ मोठे झाल्यावर एकट्याने वाचावे. मधली पाच-सहा वर्षे त्याची नव्हेत.

म्हणून मी कोणतीही कुमार-कादंबरी हातात घेतली की आधी एवढेच पाहते की गोष्ट सांगणारा त्या वयात आत्ता उभा आहे, की पैलतीरावरून मागे वळून पाहतो आहे. ‘द हंगर गेम्स’ (२००८) मला एका रात्रीत वाचावीशी वाटली ती त्यातल्या मारामारीमुळे नव्हे. सोळा वर्षांची कॅटनिस संपूर्ण गोष्ट वर्तमानकाळात सांगते, त्यामुळे पुढच्या पानावर ती जगेल का, हे तिला आपल्याइतकेच माहीत असते. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आली तेव्हा लेखिका अठरा वर्षांच्या होत्या आणि लिहायला त्यांनी पंधराव्या वर्षीच घेतली होती. त्यातला चौदा वर्षांचा पोनीबॉय ओक्लाहोमातल्या गरीब पोरांच्या टोळीची हकिगत लिहून काढतो, तीही घडून गेल्यावर लगेचच, जखम ओली असताना. बायकांना टोळ्यांतल्या मुलांचे काय कळते, असे कोणी म्हणू नये म्हणून पुस्तकावर नुसती आद्याक्षरे छापली गेली, हे मला नंतर समजले आणि ती कादंबरी मी पुन्हा वाचली.

आता आपल्या मोठ्या भाच्याविषयी. त्याला मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ द्यावी. ती २००४ साली मोठ्यांची कादंबरी म्हणून आली आणि आजही मोठ्यांच्याच कपाटात असते, परंतु मराठीत या वयाची म्हणावी अशी याहून खरी कादंबरी मी वाचलेली नाही. आणीबाणीच्या दिवसांतली नववीतली मुले, वर्गातली शिरोडकर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी चौकडी, हे सगळे मुकुंद जोशी सांगतो आणि तो सांगताना एक दिवससुद्धा मोठा झालेला नाही. आणीबाणी म्हणजे काय ते त्याला नीट कळत नाही, म्हणून ते आपल्यालाही समजावून सांगितले जात नाही. मास्तरांच्या आणि घरच्यांच्या बोलण्यातून ती नुसती कानावर पडत राहते. पोरांच्या तोंडी शिव्या आहेत आणि मुलींविषयीचे बोलणेही आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुमच्या भाच्याला त्यातले काहीही नवीन नसेल. अडचण झालीच तर त्याच्या वडिलांची होईल.

पुस्तकाची जाडी हीच भीती असेल तर आधी फेलूदा द्यावा. सत्यजित राय यांच्या या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. गुप्तहेर फेलूदा असला तरी गोष्ट सांगतो त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे. जैसलमेरच्या किल्ल्याची कथा एका दुपारी वाचून होते. पहिले पुस्तक पूर्ण वाचून संपवले, एवढी फुशारकी मिरवता आली की दुसरे पुस्तक हातात धरणे सोपे जाते. माझ्या भावाच्या बाबतीत तरी तसे झाले. फास्टर फेणे मात्र या वयाला देऊ नये. फुरसुंगीचा बनेश मला प्रिय आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाला तो धाकटा भाऊ वाटतो आणि आपल्याला लहान समजून पुस्तक दिले गेले, हे त्याला लगेच कळते.

मधल्या बहिणीविषयी आणि धाकटीविषयी उद्या लिहीन, कारण उद्या माझी घटक चाचणी आहे.

सदाशिव:
मुली, तुझा मुद्दा मान्य करावा लागेल. मी ‘श्यामची आई’ नऊ वर्षांचा असताना वाचली होती, हे लिहिण्याच्या भरात विसरलो. मात्र तुझ्या कसोटीवर ‘झोंबी’ कुठे बसते, ते सांग. आनंद यादवांनी स्वतःच्या बालपणाकडे मागे वळूनच पाहिले आहे, तरी मला ती आजही हलवते.

शाळेच्या ग्रंथालयातून:
मी एका माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. मधल्या भाचीसाठी शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ सुचवते. मूळ कादंबरी, ‘लिटल विमेन’, १८६८-६९ मधली, अमेरिकेतली. पण शांताबाईंच्या मराठीत ती इतकी घरची झाली आहे की आमच्याकडे तिचे पुठ्ठे दोनदा बांधून घ्यावे लागले. इंग्रजीत वाचणाऱ्या मुलीला मराठीकडे वळवायचे असेल तर ओळखीच्या गोष्टीचा मराठी अनुवाद हा चांगला पूल ठरतो, असा अनुभव आहे. धाकटीला मात्र हे पुस्तक तूर्तास देऊ नये. बेथचे पुढे काय होते, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना कारण कळेल.

अकरावी कला:
चाचणी बरी गेली. सदाशिवकाका, ‘झोंबी’ने माझी कसोटी मोडते, हे खरे आहे. कागलचा तो मुलगा शाळेसाठी बापाशी झुंजतो आणि सांगणारा मोठा झालेला असूनही मार बसतो तेव्हा तो मोठा राहत नाही. तरीही ती तुमच्या बार्शीच्या भाच्याला आत्ता देऊ नये, काकू. ‘बघ, त्याला शिकायला मिळत नव्हते आणि तुला मिळते आहे’ हे वाक्य कोणीतरी घरात उच्चारेलच आणि तिथे पुस्तक संपेल. ते त्याने कॉलेजात गेल्यावर स्वतः शोधून वाचावे.

ग्रंथपालबाईंच्या ‘चौघीजणी’ला माझे अनुमोदन आहे, परंतु ते दुसरे पुस्तक म्हणून. ज्या मुलीने ड्रॅगन संपवले आहेत तिला आधी डाव दिसावा लागतो. कोणी तरी बलाढ्य आहे आणि कोणी तरी त्याच्याशी भिडणार आहे, असे काही. ‘हंगर गेम्स’ तिने बहुधा वाचली असेल. नसेल तर तीच, मात्र तिघांतली फक्त हिलाच. त्यात मुलेच मुलांना मारतात आणि धाकटीला ते सध्या सोसणार नाही. वाचून झाली असेल तर सिद्धार्थ सर्मा यांची ‘इयर ऑफ द वीड्स’ द्यावी. ओडिशातला कोरोक हा गोंड मुलगा बागकाम करतो आणि त्याच्या गावाजवळच्या डोंगरावर खाण कंपनीचा डोळा आहे. ‘हंगर गेम्स’मधल्या कॅपिटॉलच्या, म्हणजे जुलमी राजधानीच्या जागी सरकारी कचेऱ्या आणि कंपनीची माणसे ठेवली की काय होते, ते या पुस्तकात दिसते. त्यात जादू नाही, पण अर्ज, बैठका आणि नियम वाचताना मला धडधडले, जे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने कधी झाले नाही. हिचे इंग्रजी सुटावे म्हणून काही करू नये, एवढे मात्र नम्रपणे सुचवते. मराठी पुस्तक न सांगता टेबलावर ठेवावे. ‘तुझे मराठी सुधारेल’ असे म्हटले की ते गेलेच.

धाकटीविषयी लिहिताना मी दोनदा खोडले. अशा वेळी लोक ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ सुचवतात आणि ते पुस्तक थोर आहेच. तेरा वर्षांच्या कॉनरची आई आजारी आहे आणि रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचे झाड राक्षस होऊन त्याला गोष्टी सांगायला येते. तीन गोष्टी त्याच्या आणि चौथी कॉनरने सांगायची. मी ते बाराव्या वर्षी, घरात सगळे धडधाकट असताना वाचले आणि तरीही दोन दिवस आईच्या मागे मागे फिरत होते. ज्या मुलीच्या घरात खरेच कोणी गेले आहे तिला ते भेट म्हणून देणे म्हणजे, मी तुझ्याकडे पाहून हे निवडले आहे, असे सर्वांसमोर सांगणे होय. ते घरातल्या कपाटात असावे. तिला सापडले तर सापडेल.

तिला प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ द्यावे. ती कादंबरी नव्हे, लांब लांब कथा आहेत, पण सगळ्या लंपन नावाच्या एका मुलाच्याच. तो आजी-आजोबांकडे राहतो, मनातल्या मनात अवाढव्य आकडे मोजतो आणि ज्या गोष्टींचा अर्थ लागत नाही त्यांना ‘मॅड’ म्हणून मोकळा होतो. बेळगावकडच्या बोलीची चव असलेले त्याचे मराठी पहिली दहा पाने अवघड वाटते आणि नंतर आपणही तसेच बोलू लागतो. यात आजी आहे, रोजची, स्वयंपाकघरातली, ओरडणारी आणि जेवायला वाढणारी. आजी जाण्याविषयीचे पुस्तक तिला नको असेल. आजी असण्याविषयीचे कदाचित हवे असेल. मालिकेतल्या पुढच्या पुस्तकांत दुःखही येते, म्हणून एका वेळी सगळी देऊ नयेत.

आणि ती हॅरी पॉटर पुन्हा पुन्हा वाचते, ते वाचू द्यावे. शेवट ठाऊक असलेले पुस्तक माणसाला दगा देत नाही. फार तर ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हा मराठी अनुवाद द्यावा. तीच गोष्ट असेल, पण शब्द नवे असतील.

शाळेच्या ग्रंथालयातून:
वीस वर्षे पुस्तके देते आहे, पण शेवटची सूचना मला सुचली नसती. एक भर घालते. धाकटीला इंग्रजीतही काही हवे असल्यास ‘द नाइट डायरी’ पाहावी. फाळणीच्या वर्षी घर सोडून निघालेली बारा वर्षांची निशा आपल्या दिवंगत आईला रोज पत्र लिहिते. आई ती जन्मली तेव्हाच गेलेली आहे, त्यामुळे त्या दुःखाला धार नाही, नुसती सोबत आहे. अर्थात प्रवासातले प्रसंग भीषण आहेत. काकूंनी आधी स्वतः वाचून मगच ठरवावे.

निरंजना:
सर्वांचे मनापासून आभार. दिवाळी झाली, म्हणून वृत्तान्त देते. मोठ्याने फेलूदा दोन दिवसांत संपवला आणि ‘शाळा’ बार्शीला घेऊन गेला. वहिनींचा फोन आला की तो ते पुस्तक गणिताच्या वहीखाली ठेवून वाचतो आणि त्यात असे काय आहे. मी म्हटले, नववीचा अभ्यासक्रम आहे. मधलीने ‘इयर ऑफ द वीड्स’ वाचली, शेवटावर माझ्याशी भांडली, आणि ‘चौघीजणी’ला अद्याप हात लावलेला नाही, ती टेबलावरच आहे.

धाकटीने ‘वनवास’ चाळून बाजूला ठेवले. जायच्या आदल्या रात्री मात्र ती स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी बसली आणि तिने त्यातली एक कथा मला मोठ्याने वाचून दाखवली. सगळे उच्चार चुकत होते. मी दुरुस्त केले नाहीत. पुढचे पुस्तक कोणते आणि ते केव्हा द्यावे?

अकरावी कला:
‘शारदा संगीत’. पण तिने मागितल्यावर.