नवी पेठ, चाटी गल्लीत माणूस परत थांबावा म्हणून आपण काय करू शकतो?

चाटीगल्ली_३री_पिढी

नमस्कार मंडळी. सोलापुरात चाटी गल्लीत आमचं साड्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. गिऱ्हाईक संपलं असं रडगाणं मी गाणार नाही, लग्नसराईत अजूनही अक्कलकोट, मोहोळ, इंडी, पार विजापूरकडनं लोक जीप भरून बस्त्याला येतात. पण येतात आणि पळतात. आधी कसं होतं, बस्ता बांधून झाला की मंडळी रमतगमत मधल्या मारुतीकडं जायची, बांगड्या, भांडी, सराफात एक चक्कर, नवी पेठेत पोरांना चपला, मग कुठंतरी भजी-चहा आणि अंधार पडता पडता गाडी. आता एक जण गाडीतच बसून राहतो कारण गाडी लावायला जागा नाही, आणि दर दहा मिनिटाला त्याचा फोन, "झालं का, मागचा हॉर्न वाजवायलाय". बाईच्या मांडीवर साडी उलगडलेली असते, पदर बघायचा राहिलेला असतो आणि ती म्हणते राहू द्या, हीच द्या. आपला माल विकला जातो, मान्य, पण ती बाई खूश होऊन जात नाही आणि पुढच्या वेळी विजापूर रोडला कुठल्यातरी शोरूमला जाते, जिथं वॉचमन गाडी लावून देतो.

दुसरं म्हणजे रात्री साडेआठनंतर गल्ली एकदम मेल्यासारखी होते. वरचे मजले सगळे गोडाऊन झालेत. पूर्वी खाली दुकान वर घर असायचं, गॅलरीत कोणतरी म्हातारी बसलेली असायची. आता सगळे जुळे सोलापूर नाहीतर होटगी रोडला (आम्ही पण, २००९ पासून, म्हणून दुसऱ्याला नावं ठेवत नाही).

तर प्रश्न असा की उड्डाणपूल कधी होणार, महापालिका काय करते, हे सोडून, आपण दुकानदार आणि इथं राहणारे वर्षभरात काय करू शकतो? खरंच करता येईल असंच सांगा.

हडपसरमधला_सोलापुरी

मालक, विषय काळजाचा काढला. मी पुण्यात अकरा वर्षं, दिवाळी आणि गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) येतो. तुमची ती "पळतात" वाली गोष्ट फक्त बस्त्याची नाही, अख्ख्या शहराचीच आहे. विचार करा, आपल्या आजूबाजूला पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, तिकडं गाणगापूर. वर्षभर लाखानं लोक येतात आणि सोलापूर म्हणजे त्यांच्यासाठी फक्त रिक्षा बदलायची जागा. चादर घेतात ती पण हायवेच्या दुकानात बस थांबली की. वंदे भारत फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली तेव्हा किती आनंद झाला होता, पण टायमिंग बघा, मुंबईहून येते रात्री साडेदहाच्या पुढं आणि सकाळी सहाला परत निघते. म्हणजे आलेल्या माणसाला बंद शटर दिसतात आणि जाणाऱ्याला पण बंद शटर. त्याला मधला दिवस सोलापुरात का घालवायचा हे कोणी सांगितलंच नाही.

माझं म्हणणं, भक्तांना अर्धा दिवस थांबवा. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, चार पुतळे, इंद्रभुवन, हे सगळं एकमेकांपासून चालत जाण्यासारखं आहे. मागच्या जानेवारीत मुंबईच्या एका मित्राला घेऊन सकाळी सातला निघालो, चार पुतळ्यांपाशी त्याला सांगितलं की १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ लावला होता आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. तो म्हणाला, अरे हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं. दहापर्यंत चालून चालून भूक लागली, आणि इथंच घोळ झाला. त्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बसून खायची होती, म्हणजे ताटात, पाण्याचा ग्लास समोर ठेवून. पेठेत त्या वेळेला तसं काही सापडेना, शेवटी इडली खाल्ली. चटणी पाकिटात घेऊन गेला.

कन्नाचौक

एक प्रश्न विचारू का, राग मानू नका. "डाऊनटाऊन", "मेन मार्केट" म्हणताना तुम्ही सगळे नवी पेठ ते चार पुतळे एवढंच धरता. आम्ही पूर्व भागातले. आमचं सेंटर कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, पण तुमच्यातले किती जण बघायला येतात? चार पेठा ओलांडून यायचं, एवढंच.

बाहेरचा माणूस सोलापुरात आला की विचारतो चादर कुठं बनते. त्याला दुकान नको असतं, माग बघायचा असतो. आमच्या घरात खाली चार पॉवरलूम होते, २०१५ नंतर दोन विकले. माझी आजी शेवटपर्यंत कांड्या भरायची, हात आपोआप चालायचा आणि तोंडानं तेलुगूत आमच्या सगळ्यांना शिव्या. आणि जकार्डची ती पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं, एकाला एक शिवलेली, वरून माळेसारखी खाली येतात आणि प्रत्येक भोक ठरवतं की कुठला दोरा वर उचलायचा, त्यातनं चादरीवर मोर उभा राहतो. लहान पोरांना हे दाखवा, मोबाईल खाली ठेवतात, माझ्या भाच्यानं ठेवला. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला जीआय टॅग आहे म्हणून आपण छाती फुगवतो, पण टॅग काय डोळ्यांनी बघता येतो का?

तेव्हा आयडिया अशी, तुमच्या नवी पेठेत एखादा बंद गाळा असेल तर तिथं एक माग चालू ठेवा. विणणारा माणूस आम्ही देतो.

चाटीगल्ली_३री_पिढी

@कन्नाचौक राग कशाचा, बरोबर बोललात, रथ मी शेवटचा शाळेत असताना बघितलाय. पण पॉवरलूम पेठेत कसा चालेल? आमच्या गल्लीतली माळवदं जुनी, धक्क्यानं माती पडेल. आणि दिवसभर खडखडाट, शेजारचा सराफ मला उभा जाळेल.

कन्नाचौक

पॉवरलूम म्हणालो का मी? हातमाग. खड्डामाग बसवला तर जमिनीतच पाय, हादरा नाही. गाळा तळमजल्याचाच लागेल एवढंच. आवाज म्हणाल तर धोट्याचा टक टक, तुमच्या सराफाच्या एसीपेक्षा कमी.

पार्क_चौक_७७

हे सगळं ऐकायला लई भारी वाटतं. २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरात नाव आलं तेव्हा पण असंच भारी वाटलं होतं. रस्ते खोदले, परत केले, परत खोदले. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, उजनी धरण भरून वाहो नाहीतर कोरडं पडो, आपल्याला काय फरक पडत नाही बे. आधी पाणी द्या मग माग बसवा.

रिक्षावाला_सातरस्ता

पार्किंगचं बोला. माझं मत, गाड्या आत येऊच देऊ नका, संध्याकाळी पाच ते नऊ. होम मैदानाच्या बाजूला गाड्या लावा आणि तिथनं आम्ही शेअर रिक्षा चालवतो, सीटप्रमाणं. धंदा आमचा पण होईल आणि तुमचा पण. दुकानदारच विरोध करतील बघा, कारण त्यांच्या स्वतःच्या गाड्या दुकानापुढं असतात. नवी पेठेत सकाळी अकराला येऊन मोजा, पहिल्या रांगेतल्या निम्म्या गाड्या मालकाच्या आणि कामगारांच्या असतात.

चाटीगल्ली_३री_पिढी

@रिक्षावाला_सातरस्ता हे मनाला लागलं. माझी स्कूटर खरंच पायरीला टेकवून असते.

लेकीचं_लग्न_आत्ताच_झालं

मी पहिल्यांदाच लिहितीये इथं, फक्त वाचत असते. तुम्ही सगळे पुरुष माणसं आहात हे वाचूनच कळलं, कारण जे पहिलं लिहायला पाहिजे ते कुणीच लिहिलं नाही.

गेल्या वर्षी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधला. आम्ही बार्शीकडचे. सासूबाई, दोन जावा, माझी आई, लेक, मी. आई सत्तर वर्षांची, तिला शुगर. सकाळी निघताना तिनं चहा घेतला नाही. मी म्हटलं घे की, तर म्हणाली, "तिथं जायची सोय नसते". दुकानात पाणी विचारलं, थंडगार बिसलेरी दिली, दुकानदार खरंच चांगला होता, पण आईनं घोटसुद्धा घेतला नाही. दुपारी दीडला तिला चक्कर आली. दुकानाच्या मागं एक होतं म्हणे, कामगारांचं, त्याला कडी नव्हती, मी बाहेर ओढणी धरून उभी राहिले. त्यानंतर आम्ही काय बांगड्या आणि भांडी बघणार? सरळ गाडीत बसलो. नवऱ्याकडच्यांच्या साड्या राहिल्या होत्या त्या नंतर बार्शीतच घेतल्या, तेवढा धंदा तुमचा गेला.

तुम्ही म्हणताय बायका घाईत निघून जातात कारण गाडीवाला फोन करतो. फोन तर येतोच हो. पण बाई चार तासाच्या वर थांबूच शकत नाही हे कारण आहे. मॉलमध्ये गर्दी एसीमुळं होते असं वाटतं तुम्हाला? तिथं निवांत बाथरूम असतं, बाळाला पाजायला कोपरा मिळतो.

हडपसरमधला_सोलापुरी

ताई, लाज वाटली वाचून. मी चालायचा अख्खा रूट आखला आणि हे सुचलंच नाही. मित्राऐवजी त्याची बायको आली असती तर पहिल्या तासात सुचलं असतं.

आर्किटेक्चर_थर्ड_इयर

मी छोटंसं सांगते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं ४३ च्या वर जातं, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. गल्ली अरुंद आहे हा खरं तर फायदा आहे, समोरासमोरच्या गच्च्यांमधून कापड ताणलं तर दुपारीही चालता येईल. हिरवी नेट नको, आपलंच जाडं कापड वापरू, पूर्व भागात रिजेक्ट माल पडून असतोच ना @कन्नाचौक? वायरींचा जंजाळ आहे हे मला माहिती आहे, त्याच्या वर न्यावं लागेल आणि आग लागू नये म्हणून मध्येमध्ये मोकळं सोडावं लागेल, बंब जायला पण जागा पाहिजे. पण गड्ड्याला नंदीध्वज जातात तेव्हा त्या उंच काठ्यांसाठी रस्ता मोकळा करतोच की आपण, फांद्या, मांडव, सगळं बाजूला होतं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

कन्नाचौक

रिजेक्ट नाही म्हणायचं, "सेकंड" म्हणायचं 😄 देतो. चाळीस-पन्नास मीटरचं काम असेल तर फुकट देतो, शिलाई तुमची.

पार्क_चौक_७७

मी पाण्याचं बोललो ते मस्करी नव्हती हं. संडास बांधाल, पहिले आठ दिवस फोटो, मग पाणी नाही म्हणून कुलूप. पेठेत अशी कुलुपं आहेत आधीच. ताईंचं पटलं म्हणूनच सांगतोय, आधी टाकी किती लिटरची आणि ती भरणार कोण हे ठरवा, फरशीचा कलर नंतर.

चाटीगल्ली_३री_पिढी

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण गल्लीत फिरत होतो. माग, रिक्षा, कापड, सगळं वहीत लिहून ठेवलंय, पण ताईंची पोस्ट मी आईला वाचून दाखवली आणि ती म्हणाली, "मला तीस वर्षं माहीत आहे हे, तुम्ही कधी विचारलं का?" दुकानातनं ती दुपारी एकला घरी जायची ते जेवायला नाही, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

तर आमच्या दुकानामागं एक खोली आहे, गोडाऊन म्हणतो पण जुने कॅलेंडर आणि खोक्यांशिवाय काही नाही. ड्रेनेजची लाईन शेजारून जाते. प्लंबर बघून गेला, दोन संडास, एक बेसिन आणि बसायला बाकडं एवढं होईल म्हणाला. @पार्क_चौक_७७ टाकी २००० लिटरची, नळाला पाणी येईल तेव्हा भरायची आणि कमी पडलं तर टँकर, सहा दुकानं मिळून पैसे घालायला तयार झालीत. सातवा म्हणाला माझ्या गिऱ्हाइकाला लागत नाही, त्याचं दुकान पुरुषांच्या कपड्यांचं आहे. दिवसभर बसायला एक मावशी बघितल्यात, आधी विड्या वळायच्या, आता डोळ्याला दिसत नाही. पगार सहांतच वाटून. बायकांना फुकट, खरेदी केली नाही तरी.

आणि स्कूटर आजपासून होम मैदानाच्या बाजूला लावलीये. आठ मिनिटं लागतात चालत, घाम निघाला.

लेकीचं_लग्न_आत्ताच_झालं

कडी आतून नीट लागते ना ते स्वतः बघा. आणि बाहेर पाटी लावा, मोठी, रस्त्यावरनं दिसेल अशी. विचारायला लागू नये. सेल्समन पोराला विचारायचं म्हणजे बायका विचारतच नाहीत.

चाटीगल्ली_३री_पिढी

पाटीवर काय लिहू? "महिला प्रसाधनगृह" लिहिलं तर आई म्हणते गावाकडच्या बायकांना वाटेल पावडर लावायची खोली.

कन्नाचौक

मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हीत लिहा. इंडीवाल्यांना कन्नड लागेलच. तेलुगू मी लिहून पाठवतो.

रिक्षावाला_सातरस्ता

मावशी सुट्टीवर गेल्या की किल्ली कुणाकडं?