‘शाश्वत’, ‘टिकाऊ’ की ‘पुरवून’?

प्रश्न : ‘सस्टेनेबल’ या शब्दासाठी कुठे ‘शाश्वत’, तर कुठे ‘टिकाऊ’ असे लिहिलेले दिसते. समाजाने ‘शाश्वत जगणे’ म्हणजे नेमके काय करणे, हे या शब्दांतून कळते का?

प्रतिसाद : माझ्या मते कळत नाही. ‘शाश्वत’ म्हणजे ज्याला अंत नाही ते. आणि त्यातूनच आलेली ‘शाश्वती’ म्हणजे खात्री, हमी. आमच्या सोलापूरकडे शेतकरी ‘पाण्याची शाश्वती नाही’ म्हणतो, तेव्हा पाणी मिळेलच असा भरवसा नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. त्यामुळे ‘शाश्वत विकास’ हे शब्द त्याच्या कानी ‘हमखास आणि न थांबणारी वाढ’ असे पडतात, आणि पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवाव्यात, ही १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने घातलेली अट नेमकी गळून पडते. ‘टिकाऊ’ हा शब्द चादरीला शोभतो. तो वस्तूचा गुण सांगतो, माणसाची वागणूक सांगत नाही.

मला ‘पुरवून वापरणे’ अधिक जवळचे वाटते, कारण त्यात साठा मोजका आहे आणि तो कोणापर्यंत पुरायचा आहे, या दोन्ही गोष्टी आपोआप येतात.

प्रश्नकर्ता : पण पुरवून खाल्लेले पेवही (धान्य साठवायचे जमिनीतले कोठार) शेवटी रिकामे होतेच. ही नुसती काटकसर झाली.

प्रतिसाद : आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याने माझे म्हणणे सुधारते. माझी आजी पुढच्या पेरणीची मालदांडी ज्वारी राखेत घोळून वेगळ्या मडक्यात ठेवी आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून टाकी. वर्षाची बेगमी संपत आली, उसनवारी करावी लागली, तरी ते लिंपण हस्त नक्षत्रातल्या रब्बी पेरणीआधी कोणी फोडत नसे. म्हणजे खायचे दाणे पुरवायचे आणि बियाण्याचे राखायचे, अशा दोन क्रिया त्यात होत्या, आणि ‘सस्टेनेबल’मध्ये या दोन्ही हव्यात.

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या बाबतीत हा भेद आपण बोलण्यातूनही घालवला आहे. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी जवळजवळ ६४ टीएमसी ‘मृतसाठा’, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेले तळाचे पाणी, म्हणून नोंदला जातो, आणि उपयुक्त साठा संपला की त्यालाच हात घालून आपण ‘उजनी उणे’त गेल्याचे सांगतो, २०२४ च्या उन्हाळ्यात तर उजनी उपयुक्त साठ्याच्या हिशेबात उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. ‘मृत’ म्हटल्यामुळे ते पाणी उपसताना राखीव मडके फोडल्यासारखे कोणालाच वाटत नाही. त्याला ‘राखीव साठा’ म्हणावे, आणि शासकीय मजकुरात ‘शाश्वत’ राहिला तरी आपल्या लेखनात ‘पुरवून-राखून जगणे’ असे क्रियापदानेच लिहावे, असे मी सुचवतो.