बोअरवर भरणाऱ्या शेततळ्यांचं अनुदान थांबवा, तो पैसा जुन्या पाझर तलावांना द्या

खटावकर :
आमच्या गावात पाणी जमिनीत मुरवायला ७२ च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे. सांडव्याचे दगड निखळलेत, भरावावर वेड्या बाभळी माजल्यात आणि तळाला गाळ असा बसलाय की पाणी मुरत नाही, नुसतं उन्हानं आटतं. दुरुस्तीचं विचारलं की एक खातं म्हणतं तलाव आमच्याकडे नाही, दुसरं म्हणतं निधी नाही. त्याच शिवारात प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी मात्र वर्षागणिक वाढतायत.

शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्यासाठी. आमच्याकडे बरीचशी भरतात बोअरवर. ज्याची मोटर मोठी त्याच्या तळ्यात पाणी, शेजाऱ्याच्या विहिरीत खडक. जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात उघडं ठेवायला सरकारनं का पैसे द्यायचे? जलसंधारणाचा पैसा सगळ्या शिवाराच्या कामी यावा, एवढीच माझी मागणी आहे.

तासगावचा बागायतदार :
दादा, द्राक्षबाग केली असती तर असं लिहिलं नसतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत काडीत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. तेव्हा पाणी तुटलं तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर पाला दिसतो, घड दिसत नाही. सगळं वर्ष गेलं. २०१२-१३ ला आम्ही टँकरनं बागा जगवल्या, ते कर्ज अजून अंगावर असलेली घरं आहेत इथं.

म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं आवर्तन, म्हणजे पाळीनं सोडलेलं पाणी, आमच्या सोयीनं येत नाही. आलं की साठवायला जागा लागते. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’त ५० हजारांची मर्यादा होती, खड्डा आणि कागद धरला तर वरचा सगळा खर्च आमच्या खिशातून झाला. आणि तुमच्या पाझर तलावाचं पाणी तरी कुणाच्या विहिरीत उतरतं? तलावाखालच्या चार बागायतदारांच्याच ना?

खटावकर :
आवर्तनाचं किंवा ओढ्याचं पाणी साठवत असाल तर खुशाल साठवा, त्याचं अनुदानही घ्या. माझा विरोध बोअरवर भरणाऱ्या तळ्यालाच आहे. तलावाखालच्या विहिरींबद्दल तुमचं म्हणणं खरं, पण तिथं निदान पाणी जमिनीत जातं, वर येत नाही.

जत पूर्व भाग :
तुम्ही दोघं पाणी असलेल्यांचं बोलताय. माझी दीड एकर कोरडवाहू, बाजरी, तूर आणि चार शेळ्या. ठिबकला अल्पभूधारकाला ८० टक्के अनुदान, बाकीच्यांना ७५ टक्के, ऐकायला चांगलं वाटतं. पण आधी सगळे पैसे दुकानदाराला मोजायचे, बिल महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर चढवायचं, मग तपासणी, मग कधीतरी खात्यावर जमा. आधीचे पैसे बाईमाणसानं आणायचे कुठून? सातबारा नवऱ्याच्या नावावर, तो ऊसतोडीला गेलेला. ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्यालाच योजना मिळते, हे इथं सगळ्यांना दिसतं.

मला हवाय बांध. मागच्या वळवाच्या पावसात वरच्या अंगाचा बांध फुटला, माती ओघळीनं गेली, खाली मुरूम उघडा पडला. त्या पट्ट्यात आता तूर गुडघ्याच्या वर येत नाही. बांधबंदिस्तीचं काम रोजगार हमीवर निघालं तर हाताला मजुरी मिळेल आणि मातीही राहील. त्या हमीचे जनक वि. स. पागे आपल्याच जिल्ह्यातल्या विसापूरचे, आणि आपल्यालाच कामासाठी खेटे घालावे लागतात.

निवृत्त कृषी सहायक, कोरेगाव :
ताईंचं बरोबर आहे, आणि खटावकरांच्या मागणीत एक गोम आहे. नुसता तलाव दुरुस्त केला तर वरच्या डोंगरावरून माती येतच राहणार, काही वर्षांत तलाव पुन्हा भरणार. आधी माथ्यावर उताराला आडवे समतल चर, मग शेतात बांध, मग ओढ्यावरची कामं, शेवटी तलाव. हा क्रम आम्हाला शिकवला जायचा, पण मार्चअखेर निधी खर्चायचा म्हटलं की पोकलेन लावून नाला खोलीकरण सोपं पडायचं. मापं लगेच घेता येतात. बांधाला प्रत्येक शेतकऱ्याची संमती लागते, त्यात महिने जातात. सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला आणि २०२० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं भूजल वाढीवर फारसा परिणाम नसल्याचा शेरा मारला, त्यामागं माझ्या मते हीच घाई होती.

आमच्या तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ ला जलसंधारण स्पर्धेचा वॉटर कप मिळवला तो माणसं उन्हात कुदळ घेऊन उतरली म्हणून. गाळासाठी पैसाच नाही असंही नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मध्ये लहान शेतकऱ्याला गाळ शेतात पसरायला एकरी १५ हजारांपर्यंत मिळतात. ग्रामपंचायतीनं प्रस्ताव दिलाय का, तेवढं बघा.

आटपाडीचा डाळिंबवाला :
टेंभूचं पाणी आल्यापासून आमच्याकडे पावसाचं पाणी अडवायच्या पाणलोट कामांचं नाव कुणी काढत नाही. मला हे धोक्याचं वाटतं. उपसा योजनेच्या वीजबिलात शेतकऱ्याचा वाटा १९ टक्के, ८१ टक्के सरकारचे. उद्या हे धोरण बदललं तर? याच भागात समन्यायी पाणीवाटपाचा लढा झाला. येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं तेव्हा भूमिहीनालासुद्धा पाण्याचा वाटा देण्याचं ठरलं होतं. आता आम्ही वाट्याबद्दल बोलतच नाही, फक्त अनुदानाबद्दल बोलतो.

तासगावचा बागायतदार :
बोअर मोजायची तर सगळ्यांची मोजा. उसाची पण मोजा. खडा मारायला दर वेळी आमचंच तळं सापडतं.

खटावकर :
मोजूया. केंद्राच्या अटल भूजल योजनेत सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे घेतले होते, त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता आणि ऊस त्यात येतोच. तुमच्या गावाचा मांडला असेल तर ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. आमच्या सभेत मी तोच विषय देतोय, गाळाच्या प्रस्तावासोबत.

जत पूर्व भाग :
त्यात बांधाचं काम पण लिहा, आमच्याही ग्रामसेवकांना तोच कागद दाखवते.