दंड दहापट, तोही फक्त अँटेनावाल्यांना

वर कुणी म्हटलंय की सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) प्रकरणात सीबीएस या अमेरिकी टीव्ही कंपनीला जन्माची अद्दल घडली. कसली अद्दल! २००४ च्या सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचा स्तन उघडा पडला, त्या जेमतेम अर्ध्या सेकंदाच्या दृश्यासाठी अमेरिकेच्या एफसीसीने (रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) साडेपाच लाख डॉलर दंड ठोकला खरा (सीबीएसच्या मालकीची २० केंद्रं, प्रत्येकी २७,५००), पण अपील कोर्टाने तो रद्द केला आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. उरलं काय, तर त्या गदारोळातून आलेला २००६ चा कायदा: कमाल दंड ३२,५०० वरून थेट ३,२५,०००. मला खटकतं ते वेगळंच. अश्लीलतेचा हा नियम सकाळी ६ ते रात्री १० एवढाच, आणि तोही हवेतून येणाऱ्या रेडिओ-टीव्हीला. तेच दृश्य केबलवर दाखवा, एफसीसी त्याला हा दंड लावत नाही.