समईचा पिवळा, खिडकीचा निळा: व्हाइट बॅलन्स कोणता ठेवावा?

प्रश्न
गुहागरजवळच्या आमच्या घरी गणपतीत काढलेल्या छायाचित्रांविषयी विचारायचे आहे. मखराच्या डाव्या बाजूला समया तेवत होत्या आणि उजवीकडच्या खिडकीतून पावसाळी उजेड येत होता. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून उजेडाच्या रंगाची भरपाई करणारी कॅमेऱ्याची सोय, ऑटोवर ठेवली तेव्हा मूर्तीचा एक गाल भगवा, तर दुसरा निळसर उमटला. मग हाताने आकडा दिला, तर ५६०० केल्विनवर (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप) समयांकडची बाजू अधिकच पिवळी झाली. ३००० वर खिडकीकडची भिंत निळी पडली. बरोबर आकडा कोणता?

उत्तर १
दोन्ही उजेडांना पुरेल असा एक आकडा नाही, कारण समईची ज्योत साधारण १९०० केल्विनची आणि ढगाळ उजेड ६५०० च्या आसपासचा असतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे आणि पुढे पांढरट होते, त्याच क्रमाने आकडा चढेल तसा प्रकाश निळ्याकडे जातो. कॅमेऱ्यात मात्र आपण आकडा देतो तो ‘उजेड असा आहे’ हे सांगण्यासाठी, आणि कॅमेरा त्याच्या विरुद्ध रंग मिसळून भरपाई करतो. म्हणून तिथे आकडा वाढवला की चित्र पिवळे होते. माझा स्वतःचा या उलटेपणाने बराच काळ गोंधळ होत असे. खिडकीची दारे लोटून घ्या आणि ३००० च्या जवळ राहा. ज्योतीचा पिवळेपणा पूर्ण काढलात, तर समई ट्यूबलाइटसारखी दिसेल.

उत्तर २
खिडकी लावण्याशी मी सहमत नाही. श्रावण-भाद्रपदातला तो निळसर उजेड आहे म्हणूनच समई उबदार वाटते. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये, काढा, ४००० च्या आसपास ठेवा आणि खटकणारा गाल नंतर संगणकावर तेवढाच सुधारा. रॉमध्ये हा आकडा मागाहूनही बदलता येतो. कॅमेरा रंग पक्के करूनच साठवतो त्या जेपेग फाइलमध्ये तितकी मोकळीक राहत नाही.

आणखी एक, पोफळीच्या बागेत चेहरे हिरवट येतात ते केल्विनने सुटत नाही. त्यासाठी टिंटची, म्हणजे हिरवा-किरमिजी तोल बदलणारी, पट्टी किरमिजीकडे सरकवावी लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आरतीनंतर पांढऱ्या पंचावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे तो पंचाच पांढरा मानायला कॅमेऱ्याला सांगितले, तरी चित्र किंचित पिवळेच आले.

उत्तर १
पंचाला नीळ दिलेली असणार. कॅमेऱ्याने ती निळाई उजेडाची समजून भरपाई केली. करडे कार्ड (कुठल्याच रंगाची झाक नसलेले, याच कामाचे कार्ड) घ्या आणि ते मूर्तीच्या अगदी पुढ्यात धरा, खिडकीशी नव्हे.