शब्दचर्चा : ‘लॅक्टोज पर्मिएज’मधल्या पर्मिएजला काय म्हणावं?

प्रश्न : बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. ई. कोलाय हा जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पेशीत घेतो ती पेशीच्या पटलात बसलेल्या लॅकवाय या प्रथिनामार्फत. यालाच लॅक्टोज पर्मिएज म्हणतात. मी त्याला ‘लॅक्टोज-वाहक’ म्हटलं. वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, वाहक साखर घेऊन आत गेला, मग परत कसा येतो?” प्रथिन तर जागचं हलत नाही! शब्दच चुकला का?

प्रतिसाद : ताई, मुलीनं नेमक्या जागी बोट ठेवलं. एसटीचा वाहक गाडीबरोबर जातो, रोगाचा वाहक रोग घेऊन फिरतो. पण तांब्याची तार जागेवरच असते, तरी तिला विद्युतवाहक म्हणतोच. तेव्हा शब्द चूक नाही, त्याचा पहिला अर्थ आडवा येतो. ‘पर्मिएज’ तरी कुठे निर्दोष आहे? 1956 साली पॅरिसला जीवशास्त्रज्ञ जाक मोनो आणि सहकाऱ्यांनी ते नाव दिलं, तेव्हा हे प्रथिन कुणी वेगळं काढलेलं नव्हतं. शेवटचं ‘-एज’ विकराचं (एन्झाइमचं), आणि हे तर साखरेचा एक बंधही तोडत नाही. तोडण्याचं काम आत बसलेल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचं.

प्रतिसाद : मग ‘नलिका’ का नको?

प्रतिसाद : नलिका नक्कीच नको, कारण नळी एकाच वेळी दोन्ही टोकांना उघडी असू शकते. दोन्ही तळहात जोडा. मनगटं टेकलेली ठेवून बोटं फाकवा : ही बाहेरून उघडी अवस्था. आता बोटं टेकवा आणि मनगटं सोडा : ही आतून उघडी. लॅकवाय 417 अमिनो आम्लांचं, पटलातून 12 वेळा आरपार गेलेलं. आरपार जाणाऱ्या या 12 पिळांपैकी सहा-सहांचे दोन अर्ध म्हणजे हे दोन तळहात. साखर मधल्या पोकळीत बसते. 2003 साली कॅबॅक, इवाता, अब्रॅमसन यांनी स्फटिकावरून त्याची रचना दाखवली, तीत पोकळी आतल्या बाजूला उघडी होती. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बाहेरचे प्रोटॉन (हायड्रोजनचे धन आयन) भसाभसा आत येतील आणि पेशीनं साठवलेलं बळ वाया जाईल. म्हणून यासाठी मराठीत आयता शब्द आहे : आळीपाळी.

प्रश्नकर्ती : प्रोटॉनचा संबंध मी लिहिलाच नव्हता!

प्रतिसाद : तो तर मुख्य मुद्दा आहे, ताई. एका साखरेबरोबर एक प्रोटॉन आत येतो. बाहेर प्रोटॉन जास्त, ते आत यायला बघतात, त्यांच्या ओढीवर साखरही आत येते, अगदी आत आधीच भरपूर असली तरी. पीटर मिचेल यांनी 1963 मध्ये याला सिम्पोर्ट म्हटलं. त्यासाठी ‘सहवहन’ मला फार आवडतो. उलट दिशेनं एक आत, एक बाहेर असेल तर ‘प्रतिवहन’. मग लॅकवाय झालं ‘सहवाहक’. ‘सह’ लागला की एसटीचा वाहक आपोआप मागे पडतो.

प्रश्नकर्ती : असं लिहिते : “लॅकवाय हा लॅक्टोजचा सहवाहक आहे. तो जागेवरच राहतो. बाहेरची आणि आतली बाजू आळीपाळीनं उघडतो. आधी प्रोटॉन बसतो, मग साखर.” चालेल?

प्रतिसाद : चालेल. फक्त पुढे जोडा : आत गेल्यावर आधी साखर सुटते, मग प्रोटॉन.